ओढ्यापाशी थांबणारे मिस्त्री

मिस्त्रींच्या उजव्या तळहातावर एक गोल डाग होता. लहान मुलीच्या बांगडीएवढा, अगदी रेखून काढल्यासारखा. तिथली कातडी गुळगुळीत आणि गुलाबी होती, आणि हात पुढे करताना ते तो नकळत मुठीत झाकून घेत. कुणी विचारलंच तर प्रत्येकाला वेगळं उत्तर मिळे. डॉक्टरसाहेबांना त्यांनी सांगितलं होतं की लहानपणी तव्यावर हात टेकला. झाडू मारणाऱ्या गिरजाबाईला सांगितलं, जन्मखूण आहे. मला पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "मोटारीनं चावलं, बाई." हे बोलताना ते हसले नाहीत, म्हणून मीही हसले नाही.

मी चोपन्न साली नर्स म्हणून फिरत्या दवाखान्यात लागले. निजामाची राजवट जाऊन सहा वर्षं झाली होती, पण आमच्या गाडीच्या दोन्ही अंगांवर अजून उर्दूच अक्षरं होती. पुढे परभणी मुंबई राज्यात गेल्यावर ती अक्षरं रंगवून वर मराठीत 'फिरता दवाखाना' लिहिलं. तरी उन्हं तिरपी झाली की खालची अक्षरं वर दिसत. गाडी लढाईत वापरलेली, लष्करानं काढून टाकलेली. मागे लाकडी खोली, तिच्यात समोरासमोर दोन बाकडी आणि औषधांची पेटी. ड्रायव्हरची जागा आणि ही खोली यांच्यामध्ये फळीची भिंत होती, आणि तिच्यात हातभर खिडकी. डॉक्टरसाहेब पुढे बसत, मी मागे. बोरी आणि आसपासची गावं आमच्याकडे होती. ठरलेल्या वारी ठरलेलं गाव, आदल्या संध्याकाळी मुक्काम आणि सकाळी पेशंट.

गाडी चालवणं आणि दुरुस्त करणं दोन्ही मिस्त्रींकडे होतं. वय पन्नाशीचं, अंग काटकुळं, खाकी कोट आणि खांद्यावर फडकं. पगारपत्रकावर त्यांचं नाव होतं, पण ते कुणी घेत नसे. हैदराबादच्या एका मोटार कारखान्यात ते काम शिकले होते आणि तिथले शब्द त्यांच्या तोंडात राहिले होते. 'बराबर' आणि 'सबर' हे दोन तर दिवसातून वीस वेळा. इंजिन चालू होत नसेल तर इंजिनालाच म्हणायचे, "सबर, सबर."

रोज सकाळी, गाडी चालू करण्याआधी, ते मला पुढे बोलवत. "बाई, जरा दांडा ओढा." पुढच्या फळीवर एक काळा दांडा होता, तो चोकचा. मी तो ओढायची. ते बॉनेट उघडून, हवेचं झाकण काढून आत बघत. "आता आत करा." मी आत करायची. असं तीन वेळा. पहिल्या दिवशी मी विचारलं की हे कशासाठी. त्यांनी मला खाली बोलावून दाखवलं. हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनात सोडणाऱ्या कार्बोरेटरच्या तोंडात रुपयाच्या नाण्यासारखी एक झडप होती. "थंडीत मशीन उठायला कुरकुर करतं. त्या टायमाला त्याला पेट्रोल जादा लागतं अन् हवा कमी. दांडा ओढला की ही झडप हवेचं तोंड झाकती. मशीन गरम झालं की सोडायचं. न्हाई सोडलं तर ते पेट्रोलमंदी बुडतं, गुदमरतं. दोन्हीकडनं मरण हाय त्याचं." मग दांड्यापासून आलेली तार जिथं झडपेला धरलेली होती, तिथला चिमुकला स्क्रू त्यांनी पेचकसानं आवळला. तो आधीच आवळलेला होता.

वैशाखात चोकची गरजच नसे. तरी हे चुकलं नाही. डॉक्टरसाहेब म्हणायचे, मिस्त्रींची देवपूजा चाललीय. त्या स्क्रूचं डोकं रोज रोज पेचकस लावून झिजून जायचं. मग मिस्त्री तो बदलत. नवे स्क्रू एका काडेपेटीत घालून ती खिशात ठेवत.

त्यांच्या तोंडून 'उद्या' हा शब्द मी ऐकला नाही. एकदा मागच्या दाराचा कोयंडा निखळला. दिवसभर साठ-सत्तर पेशंट तपासून आम्ही सगळे थकलो होतो. डॉक्टरसाहेब म्हणाले, राहू द्या, उद्या बघू. मिस्त्री गावातल्या सुताराकडे गेले, त्याला जेवणावरून उठवून आणलं आणि कोयंडा बसवूनच हात धुतले. डॉक्टरसाहेबांना ते जरा लागलं. ते मला म्हणाले, "हा माणूस कामसू नाही, भ्यालेला आहे." तेव्हा मला ते बोलणं कठोर वाटलं.

आणखी एक गोष्ट होती, आणि तिची सवय मला कधीच झाली नाही. बोरीच्या पुढच्या एका गावाहून परभणीकडे येताना वाटेत ओढा लागतो. दोन्ही बाजूंना बाभळी. ओढा ओलांडून गाडी वर चढली की मिस्त्री ती थांबवत, खाली उतरत, मागे येऊन दार उघडत, आत बघत आणि दार लावून परत जात. रस्ता घाईचा असो की नसो. विचारलं तर म्हणत, "दार बराबर लागलं का बघितलं." पण दार लागलेलं आहे की नाही हे बाहेरून कळतं, त्यासाठी ते उघडावं लागत नाही. ते बघायचे ते माझ्याकडेही नाही. माझ्या समोरच्या रिकाम्या बाकड्याकडे बघायचे. मग दार इतकं हळू लावायचे, जसं काही आत कुणी झोपलं आहे. एकदा खिडकीतून त्यांनी मला विचारलं, "बाई, मागं कुणी कण्हलं का?" मागे मी एकटी होते. मी नाही म्हटलं. त्या दिवसानंतर ओढा जवळ आला की मीही समोरच्या बाकड्याकडे बघत नसे.

त्या ओढ्यापलीकडच्या गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण ज्यांची ही गोष्ट आहे त्या घरची माणसं अजून तिथे आहेत. तिथला एक शेतकरी मिस्त्रींवर जीव टाकायचा. त्याला मी इथे ज्ञानोबा म्हणते. चाळिशीच्या आतबाहेरचा, उंच, कमी बोलणारा. गाडी आली की तो येणारच. सुगीत हुरडा, नाहीतर ज्वारीची भाकर आणि ठेचा, कधी उकडलेल्या शेंगा. पहिल्या हिवाळ्यात त्यानंच मला डागाची गोष्ट सांगितली.

पोलीस ॲक्शन झाली त्याच्या पुढच्या पौषातली ती गोष्ट. तेव्हा मिस्त्री एका खासगी मालकाची उतारूंची सर्व्हिस मोटार चालवत. ती रात्री या गावात मुक्कामाला असे आणि उजाडताना परभणीला निघे. ज्ञानोबाची बायको अडली होती. दोन दिवस सुईणीनं प्रयत्न केले, तिसऱ्या दिवशी पहाटे तिला मोटारीत आणून निजवलं. "अन् मशीन लागंना, बाई. लय थंडी व्हती. तास झाला, दीड तास झाला. शेवटाला मिस्त्रीनं झाकण काढलं अन् मशीनच्या तोंडावर आपला हात दाबून धरला. मला म्हनले, म्होरनं हँडल घालून मार. मी मारलं. आतून जाळ आला. पर त्या माणसानं हात काढला न्हाई. पुन्हा मार म्हनले. मंग लागलं." मग त्यानं पुढचं सांगितलं. "ओढ्यापाशी ती गेली. मी म्हनलं, आता माघारी न्या. त्यांनी तशाच जळल्या हातानं मोटार माघारी आणली. परक्या बाईसाठी कोन करतं एवढं?"

हे ऐकल्यावर मिस्त्री मला फार मोठे वाटू लागले. एक मात्र कळेना. त्या गावात ते कधी अन्न खात नसत. ज्ञानोबानं दिलेली भाकर ते दोन्ही हातांनी घेत, कपाळाला लावत आणि म्हणत, "पोट बराबर न्हाई, वाटंत खातो." वाटेत ती एखाद्या गुराख्याला देऊन टाकत.

सत्तावन्न सालच्या थंडीत, मार्गशीर्ष असेल, त्याच गावात आमचा मुक्काम होता. डॉक्टरसाहेब रजेवर होते. पहाटे ज्ञानोबा मला बोलवायला आला. त्याच्या धाकट्या भावाची बायको बाळंत झाली होती. मूल ठीक होतं, पण वार पडली नव्हती आणि रक्त जात होतं. मी इंजेक्शन दिलं, पोट चोळलं, मला येत होतं ते सगळं केलं. वार सुटेना. तिचे ओठ पांढरे पडायला लागले. तिला परभणीला नेण्यावाचून इलाज नव्हता. चौघांनी तिला बाजेवरून आणून मागच्या बाकड्यावर निजवलं. तिची सासू तिच्या उशाशी बसली.

मिस्त्रींनी दांडा ओढला, गाडी चालू केली. इंजिन दोनदा खोकलं, काळा धूर आला आणि बंद पडलं. पुन्हा केलं, आता धूरही येईना. सगळीकडे पेट्रोलचा वास सुटला. मी खिडकीतून पुढे पाहिलं तर मिस्त्री स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून नुसते बसलेले. मागे ती बाई कण्हली. ते एकदम उतरले.

"बाई, दांड्याकडं या."

मी सासूला तिच्या पोटावर हात दाबून धरायला सांगितलं आणि पुढे गेले. मी दांडा ओढला, आत केला, ओढला, आत केला. मिस्त्री झडपेकडे बघत होते. "तार बराबर हाय. स्क्रू बराबर हाय." त्यांचा आवाज अगदी सपाट होता. "झडप मिटती, पर उघडत न्हाई. तिला मागं ओढनारी स्प्रिंग तुटली." त्यांनी बोटानं झडप उघडून धरली. सोडली की ती पडे. "मशीन पेट्रोलमंदी बुडालंय. बाई, बारीक मजबूत दोरा द्या."

मी टाके घालायचा रेशमी दोरा दिला. त्यांनी झडप उघडी ठेवून दोऱ्यानं बांधून टाकली. मग चारही प्लग काढले. ते पेट्रोलनं निथळत होते. ज्ञानोबा ते परातीत घेऊन शेजारच्या घरी पळाला आणि चुलीच्या निखाऱ्यांजवळ वाळवून, गरम गरम परत घेऊन आला.

"आता?" त्यानं विचारलं.

"आता दहा मिनिटं सबर. आतलं पेट्रोल उडू द्यायला पायजे. घाई केली तर पुन्हा बुडंल."

मी मागे गेले होते. तिच्या पोटावर माझा हात होता आणि खिडकी उघडी होती. बॉनेटपाशी ते दोघंच उभे होते. पुढे जे बोलणं झालं ते मी शब्दन् शब्द ऐकलं.

ज्ञानोबा म्हणाला, "मला काळजी न्हाई, मिस्त्री. तुमी हाय ना. त्या टायमालाबी तुमी हात जाळून घेतला. तुमच्या हातात व्हतं तेवढं केलं."

मला वाटलं मिस्त्री प्लग पुसत असतील. मग त्यांचा आवाज आला.

"ज्ञानोबा, त्या दिशी थंडीनं मशीन बंद नव्हतं."

"मंग?"

"ही तार हाय ना, तिला धरनारा हा स्क्रू. ह्यो ढिला व्हता. दांडा हातात यायचा, पर झडप हलायची न्हाई. आठ दिसांपासून मला ठावं व्हतं. रोज कसंबसं मशीन लागायचं अन् मी म्हनायचो, उद्या आवळू. पेचकसाचा एक फेरा, तेवढंच काम व्हतं."

"आठ दिस?"

"हौ."

मागे माझ्या हाताखाली ती बाई हळू कण्हत होती. तिच्या सासूनं काही ऐकलं नसावं, ती देवाचं नाव घेत होती.

"मी चौथ्या दिशी हळद-तूप घेऊन तुमच्याकडं आलो," ज्ञानोबा म्हणाला, "तवा कामून न्हाई सांगितलं?"

"सांगनार व्हतो. तुमी मह्या हाताला हळद लावायला लागले. जीभ उचलली न्हाई."

दहा मिनिटं झाली की नाही मला कळलं नाही. प्लग बसवल्याचा आवाज आला. मग ज्ञानोबा म्हणाला, "हँडल कुठंय?"

मिस्त्री आत येऊन बसले आणि त्यांनी पेट्रोलचं पेडल पायानं पूर्ण दाबून धरलं. ज्ञानोबानं हँडल मारलं. चौथ्या झटक्याला इंजिन धडधडलं, काळा धूर सोडला आणि चालू राहिलं. ज्ञानोबा हँडल घेऊन मागे आला, भावजयीच्या पायाशी बसला आणि परभणी येईपर्यंत त्यानं ते हँडल हातातून खाली ठेवलं नाही. ओढ्यापाशी मी खिडकीतून पाहिलं. मिस्त्री थांबले नाहीत. त्यांचे ओठ हलत होते, पण काय म्हणत होते ते इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही.

ती वाचली. दुपारी डॉक्टरांनी बाहेर येऊन तसं सांगितलं, तेव्हा ज्ञानोबा व्हरांड्यात भिंतीला टेकून बसला होता. मिस्त्री चहाचा कप घेऊन त्याच्याकडे गेले आणि कप कठड्यावर ठेवून बाजूला उभे राहिले. चहावर साय धरली. ज्ञानोबानं कपाकडेही पाहिलं नाही आणि मिस्त्रींकडेही नाही.

पुढे गाडी त्या गावात जायची तेव्हा त्या घरची बाकीची माणसं औषधाला येत. बाळ दाखवायला ती भावजयसुद्धा आली. ज्ञानोबा मात्र आला नाही. लांबून दिसला तरी वळून जाई. हुरडा बंद झाला, भाकर बंद झाली. आणि मी एक नवल पाहिलं. मिस्त्री लिंबाखाली बसून आपल्या फडक्यातली भाकर तिथेच खाऊ लागले. मी म्हटलं, "आज इथं जेवलात?" ते म्हणाले, "हौ. आता इथलं कुनी देत न्हाई. त्यामुळं खाता येतं."

गाडी ओढ्यापाशी मात्र थांबतच राहिली. एकदा दार लावून ते तिथेच उभे राहिले आणि आपणहून बोलले, "त्या दिशी मागं खरंच बाई कण्हत व्हती ना. मला दोन्ही आवाज येगळे ऐकू आले, बाई. एक तिचा अन् एक हिचा." मी विचारलं, आता तरी कमी झालं का? त्यांनी मान हलवली. "आधी वाटायचं, ती मला काही इचारायलीय. आता काही इचारत न्हाई. नुसती बसलेली असती."

एकोणसाठ साली माझी बदली गंगाखेडला झाली. निरोप घेताना मिस्त्रींनी मला एवढंच सांगितलं की कुठल्या गाडीत बसायचा प्रसंग आला तर पुढे बसत जा, मागे बसू नका. मी हो म्हटलं. वर्षभरात ती जुनी गाडी मोडीत निघाली आणि मिस्त्री नोकरी सोडून पूर्णेला भावाकडे गेले. भाऊ रेल्वेत होता.

महाराष्ट्र झाला त्या वर्षी दिवाळीनंतर मला निरोप आला की मिस्त्री छातीच्या दुखण्यानं गेले. मी पूर्णेला पोचले तेव्हा तिसरा दिवस होता, अस्थी सावडून माणसं परत आली होती. अंगणात एका कडेला, पटका मांडीवर ठेवून ज्ञानोबा बसला होता. त्याला तिथे पाहून मी चकित झाले. मिस्त्रींच्या भावानं सांगितलं की हा माणूस महिन्यापूर्वीही येऊन गेला होता. दुपारभर दादाच्या खाटेशी बसला. दोघंही एक शब्द बोलले नाहीत. दिवस कलला तसा उठून गेला. "दादा म्हनला, कोन व्हतं ते इचारू नको."

परतीची गाडी आमची एकच होती, परभणीपर्यंत. आम्ही स्टेशनवर बाकड्यावर बसलो. पूर्णेला इंजिनांचा राबता मोठा, समोर रुळांवर डबे जोडणं चाललं होतं. ज्ञानोबाचे केस पार पिकले होते. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "बोलायचं व्हतं, बाई. त्यासाठीच आलतो. काय बोलायचं ते ठरंना."

मी त्याच्याकडे वळले.

"तुमी एवढी बाळंतपनं केली," तो म्हणाला. "खरं सांगा. मोटार येळेवर लागली असती तर ती वाचली असती का?"

मी त्याला विचारलं की ती किती वेळ अडली होती, ताप होता का, पोटात मूल हलत होतं का, सुईणीनं काय काय केलं होतं. त्यानं सगळं सांगितलं. बारा वर्षांपूर्वीचं, पण त्याला प्रहरांसकट आठवत होतं. त्या उत्तरांवरून एका बाजूला वाटे, दीड तासानं काही फरक पडला नसता. दुसऱ्या बाजूला मला अशा दोन-तीन बाया आठवत होत्या, ज्या त्याहून वाईट अवस्थेत येऊन घरी परत गेल्या होत्या.

"सांगता येत नाही," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. "मिस्त्रीनं तुमाला कधी इचारलं असंल हे."

मी आठवून पाहिलं. पाच वर्षं तो माणूस माझ्यापासून एका फळीच्या अंतरावर बसत होता. बाळंतपणं, रक्तस्राव, कोण वाचली आणि कोण गेली, हे सगळं त्याच्या कानांवर रोज पडत होतं. विचारायला माझ्यावाचून त्याला दुसरं कुणी नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "एकदाही नाही."

ज्ञानोबा समोरच्या रुळांकडे बघत राहिला. गाडीची घंटा झाली, माणसं गाठोडी उचलून उभी राहिली. तोही उठला, पटका डोक्याला बांधला.

"मीबी इचारायला नको व्हतं," तो म्हणाला, आणि पुढच्या डब्याकडे चालत गेला.